चौदा पॉइंट चार

अनुसया कोयंडे पहाटे चारला देवगड बंदरातून निघते.
मागे बर्फाचा खोका, खोक्यात बांगडे,
गाडी भावाची, भाऊ मस्कतला.
चढ लागला की तिचा दिवा पांढराफटक होतो
आणि कुठल्यातरी चढावर जातो.

"म्हयन्यात चार बल्ब खाल्ल्यान," ती म्हणाली
आणि जळकं डबडं माझ्या काउंटरवर ठेवलं,
शेपटीला धरून मासळी ठेवावी तसं.
शेपटी म्हणजे चार वायरी, एक कुजलेली.

माझं दुकान टीव्ही-रेडिओचं.
टीव्ही आता कोणी दुरुस्तीला आणत नाही.
पाटीवरचा 'रेडिओ' तर खाऱ्या वाऱ्यानंच पुसलाय.
म्हटलं, ठेवून जा.

फिरत्या चुंबकाच्या पोटात तांब्याची गुंडाळी.
तिला काय ठाऊक, बॅटरी केवढीशी आहे.
इंजिन ओरडलं की ती देत सुटते,
वीस, चाळीस, साठ व्होल्ट,
पंगतीतल्या वाढप्यासारखी, पानाकडे न बघता.
मला बनवायचा होता
पानावर आडवा धरलेला हात.

पहिली आकृती सगळे काढतात तीच:
भरलं की गुंडाळीची दोन टोकं एकमेकांना जोडायची,
येईल ते तिथल्या तिथे जिरवायचं.
ती वहीत डोकावली.
"मगे जास्तीचा खंय जाता?"
तापतं, म्हटलं. उष्णता होते.
"म्हणजे फुकट?"
फुकट.
ती काही बोलली नाही.
दुपारपर्यंत न खपलेला बांगडा खारवून ठेवणारी बाई,
डोकीसुद्धा मांजराला मोजून घालणारी.

रात्री मी ते पान फाडलं.

खाजणाच्या बांधाला उघाडी असते,
पाणी चढलं की फळी आपोआप मिटते.
तसंच काहीतरी हवं होतं. अडवणारं, जाळणारं नव्हे.
दोन थायरिस्टर, दोन डायोड, एक झेनर
(तापला की झेनरचं मत बदलतं,
म्हणून त्याला फिन्सपासून लांब बसवला),
आणि एक रेझिस्टन्स, जो मी अकरा वेळा बदलला.
थायरिस्टरचा स्वभाव असा, की एकदा उघडला
की लाट ओसरेपर्यंत ऐकत नाही.
ओसरू दे. पुढच्या लाटेला विचारू.

चौदा पॉइंट चार.
टेबलावर काटा हलला नाही.
मी चहा सांगितला, दोन.

नवव्या दिवशी ती बॅटरी घेऊन आली.
बॅटरीचं पोट फुगलेलं,
ॲसिडनं तिच्या पातळाला भोकं.
मी पातळाकडे बघितलं नाही, मीटरकडे बघितलं.
टर्मिनलवर पंधरा पॉइंट पाच.
माझ्या डब्याला मात्र चौदा पॉइंट चारच दिसत होतं.

दोष त्याचा नव्हता.
त्याची कानाची वायर मी चावीच्या स्विचमधून घेतली होती,
आणि स्विचमध्ये तीन पावसाळ्यांचं मीठ.
मधल्या मधे व्होल्टभर गिळून
स्विच सांगत राहिला: अजून भुकेली आहे, अजून वाढ.
आणि तो वाढत राहिला, बिचारा, प्रामाणिकपणे.

मग वायर थेट बॅटरीच्या तोंडाशी नेली.
मधे कोणी नको. एक छोटा फ्यूज, बस्स.
गाडी बंद असताना तिनं बॅटरी पिऊ नये
म्हणून एक ट्रान्झिस्टर.
वरून इपॉक्सी ओतलं.
ओतताना एक मुंगी पडली, ती तशीच आहे आत.

नव्या बॅटरीचे पैसे मी दिले.
पातळाचं दोघांनीही काढलं नाही.

आता चारला मला जाग येते.
खिडकीतून समोरचा चढ दिसतो,
त्यावर एक पिवळा ठिपका,
इंजिन ओरडतंय तरी तेवढाच पिवळा.
मी मनात आकडा म्हणतो.
वळणापाशी ठिपका विझतो.
गाडी वळली की बल्ब गेला,
इथून कळत नाही.